फाटकाशी दिवसभर

‘व्हेरी गुड’ म्हणून झाल्यावर सरांना वर्गातलं हसू ऐकू आलं. म्हणजे ऐकू ते आधीच आलं होतं, पण कानातून मनापर्यंत पोचायला त्याला जो वेळ लागला तेवढ्यात ते ‘व्हेरी गुड’ म्हणून बसले होते आणि फळ्याकडे वळून आपल्या गोल, सावकाश अक्षरांत लिहायलाही लागले होते. खडू फळ्यावर करकरला. पाठीमागे ते हसू होतं. विनोदाला येतं तसं मोकळं नव्हे, तोंडावर हात धरून बाकाबाकांतून सरकत जाणारं. असं हसू सरांना चांगलं ओळखीचं होतं. लहानपणापासून ते पुष्कळदा त्यांच्या पाठीमागूनच आलेलं होतं. त्यांनी थांबायला हवं होतं. पण हात लिहीत राहिला, ‘द क्वायट गर्ल ऑन द सेकंड बेंच’ इथपर्यंतचं आधीचं होतंच, त्यापुढे ‘हूज फादर स्टँड्स आउटसाइड द गेट ऑल डे’. दुसऱ्या बाकावरची ती गप्प मुलगी, जिचे वडील दिवसभर फाटकाबाहेर उभे असतात. लिहून झाल्यावर त्यांनी ‘गर्ल’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या, कारण मुख्य नामाखाली दोन रेघा ओढायच्या हा त्यांचाच नियम होता. आणि मग ते हात झटकून वर्गाकडे वळले आणि म्हणाले, “आता सगळ्यांनी मिळून. मोठ्यानं.”

सर खरे म्हणजे सर नव्हतेच. आयुष्य त्यांनी शाळेच्या पुस्तकांचे कच्चे छापील कागद तपासण्यात घालवलं होतं. एका लांबट खोलीत, खिडकीला पाठ करून, दुसऱ्यांनी लिहिलेल्या धड्यांतले निसटलेले स्वल्पविराम जागच्या जागी बसवत. मुलांसाठी इतकी वर्षं काम केलं आणि एकही मूल कधी टेबलापर्यंत आलं नाही. निवृत्तीनंतर ते मुलीकडे राहायला आले. तिची मैत्रीण या शाळेची मुख्याध्यापिका होती. सातवीच्या इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा मुलीनेच शब्द टाकला. “बाबा, घरात बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढता, त्यापेक्षा तिकडे जा,” ती म्हणाली. “फक्त एक करा, तिथे जाऊन फार शिकवू नका. मुलं आहेत ती.” ते हसले होते, पण आतून हरखले होते. पहिले काही दिवस वर्गात आवाजच फुटेना. वाकून चालायची सवय, त्यामुळे मुलांनी आल्या आल्या नाव ठेवलं, कॉमा. ते कळल्यावर त्यांना वाईट नाही वाटलं, उलट या वयात कुणी आपल्याकडे पाहून विरामचिन्ह ओळखलं याचं थोडं कौतुकच वाटलं. मग हळूहळू त्यांना एक युक्ती सापडली. नाउन फ्रेज, म्हणजे नामाभोवतीचा शब्दसमूह, शिकवताना ते एका मुलाला उभं करत आणि म्हणत, नुसतं ‘मुलगा’ म्हटलं तर जगातला कुठलाही. आता मला विचारा, कुठला? मग प्रत्येकाने एकेक शब्द घालायचा. उंच. निळ्या दप्तराचा. खिडकीपाशी बसणारा. “बघा,” ते म्हणत, “शब्द वाढत जातात तशी माणसं कमी होत जातात. शेवटी एकच उरतो. जो उरतो, त्याच्याभोवती ही सगळी नाउन फ्रेज.” हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. कुठल्याही पुस्तकात त्यांनी ते तपासलेलं नव्हतं. म्हणून ते म्हणताना त्यांचा आवाज किंचित चढायचा.

त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या बाकावरच्या मुलीला उभं केलं होतं, ते ती कधी बोलत नाही म्हणून. चार शब्द तिच्याविषयी बोलले गेले तर तिला बरं वाटेल असा त्यांचा साधा हिशेब. ती उभी राहिली, लांब वेणी पुढे घेऊन. ‘क्वायट’ आला, ‘ऑन द सेकंड बेंच’ आलं, आणि मग गाडी अडली. तेवढ्यात दारात सावली पडली. मुख्याध्यापिका बाई. त्या आत आल्या नाहीत, चौकटीला टेकून, हातांची घडी घालून उभ्या राहिल्या. रजेवरच्या बाई परत येतील न येतील, असं आदल्या आठवड्यात त्या सहज बोलून गेल्या होत्या, आणि सरांनी ते सहज बोलणं उशाखाली ठेवून दिलं होतं. आता सगळा वर्ग ढिम्म. “अजून कोण? कुठली मुलगी? सांगा, सांगा.” तेव्हा मॉनिटरने हात वर केला. तरतरीत पोरगा, भांग पाडलेला, इंग्रजी सिनेमे बघणारा. उठला आणि एका दमात म्हणाला ते. अख्खं उपवाक्य, नामाला मागून जोडलेलं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. सातवीतल्या मुलाने. न शिकवता. सरांना क्षणभर अंगावर रोमांच आल्यासारखं झालं आणि ते ‘व्हेरी गुड’ म्हणाले.

वर्गाने ते तीनदा म्हटलं. तीनदा म्हणायचं हाही त्यांचाच नियम. मुलं एरवी ओढून ताणून म्हणायची, पण त्या दिवशी काय सूर लागला होता. बाकांवर ताल धरून, शेवटच्या ‘ऑल डे’ला हेल काढून. खोली तळमजल्यावरची, खिडक्या उघड्या, आणि खिडकीपासून मैदानाची एक चिंचोळी पट्टी सोडली की फाटक. फाटकाच्या गजांपलीकडे एक माणूस उभा होता. सरांनी त्याला पाहिलं. म्हणजे रोजच पाहायचे. येताना ते त्याला मान लववायचे, तोही लववायचा. एकदा त्याने “सातवी का? इंग्रजी?” असं विचारलं होतं आणि सर “हो हो” म्हणून घाईने आत गेले होते. त्या तिसऱ्या खेपेला तो माणूस गजांना दोन्ही हातांनी धरून वर्गाच्या दिशेने बघत होता. मुख्याध्यापिका बाई दारातून कधीच गेल्या होत्या. घंटा झाली. मुलं उधळली. दुसऱ्या बाकापाशी ती मुलगी अजून उभीच होती. तिला ‘बस’ म्हणायचं राहून गेलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत शिपाईमामा चहाचे पेले गोळा करत होते. सरांनी त्यांना फाटकाबाहेरच्या माणसाविषयी विचारलं, आणि विचारताना आपण हे आत्ता का विचारतोय याचीच त्यांना लाज वाटली.

“तुम्हाला माहीत नाही? कमाल आहे सर. रोज त्यांच्या अंगावरून येता.”

“मला वाटलं रखवालदार असतील.”

“रखवालदाराला पगार असतो,” शिपाईमामा म्हणाले. “पाणीखात्यात होते, मीटर बघायचे. पोरगी पहिलीत असताना एकदा न्यायला यायचं विसरले. कामात होते म्हणा, डोळा लागला म्हणा. अंधार पडला तरी पोर आपली पायरीवर. मीच घेऊन बसलो होतो. आले तेव्हा तोंड पाहवत नव्हतं त्यांचं. तेव्हापासून हे असं. आधी अर्धा तास लवकर यायचे, मग तासभर, मग नोकरीच सुटली. आता सोडायला येतात ते जातच नाहीत. घड्याळावर विश्वास नाही म्हणतात. आई कमावते, घर चालतं. कुणाला त्रास नाही त्यांचा. पोरं हसतात, पोरंच ती.” मग पेले उचलता उचलता ते थांबले. “काल-आज काही झालं का वर्गात? फार मोठ्यानं म्हणत होती पोरं.”

“धडा होता,” सर म्हणाले.

घरी जाताना ते नेहमीची बस सोडून चालत निघाले. मला माहीत नव्हतं, हे वाक्य ते मनात जुळवत होते. मी नवा, मला कुणी सांगितलं नव्हतं. वाक्य निर्दोष होतं आणि तरी त्यात कुठेतरी काहीतरी निसटलेलं होतं, आणि निसटलेलं शोधण्यात तर त्यांचा जन्म गेला होता. चपलांच्या दुकानापाशी ते त्यांना सापडलं. मॉनिटर बोलायला उठला, तेव्हाच त्या मुलीने वेणीचं टोक तोंडात धरलं होतं. तो बोलायच्या आधी. सरांनी ते पाहिलं होतं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, अगदी स्वच्छ. आणि हसू सुरू झालं तेही ओळखलं होतं. माहीत नव्हती ती फक्त हकिगत. काय चाललंय ते माहीत होतं. पण दारात बाई होत्या, आणि मुलगा बरोबर बोलला होता, आणि बरोबर बोललेल्याला बरोबर म्हणावं, या एका गोष्टीवर आपण इमानाने जगलो अशी आजवर त्यांची समजूत होती. दुकानाच्या काचेत एक वाकलेला म्हातारा दिसला. त्यांनी नजर काढून घेतली.

बायको असती तर तिला सांगितलं असतं का? बहुधा नाही, तिने ओळखलं असतं. “तुम्हाला माणसं दिसत नाहीत हो, वाक्यं दिसतात,” असं ती म्हणायची, कधी भाजीत मीठ घालता घालता, कधी पाहुणे गेल्यावर. रागाने नाही, उंची सांगावी तसं. तिच्या आजाराचं निदान झालं त्या दिवशी डॉक्टर समोर बसून कागद वाचून दाखवत होते, आणि सर समोरून तो कागद उलटा वाचत होते. त्यातल्या एका शब्दात एक अक्षर कमी होतं. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना नंतर तिला विचारावं लागलं होतं. परतीच्या बसमध्ये तिने सगळं पुन्हा नीट सांगितलं, किती पसरलंय, काय करतील, काय करणार नाहीत, आणि शेवटी म्हणाली, “आणि हो, ते अक्षर मलाही दिसलं.” मग दोघंही हसले होते. बसमधली माणसं वळून बघण्याइतके. ती आठवण त्यांनी आजपर्यंत गोड म्हणून जपली होती. आज चालता चालता प्रथमच त्यांच्या मनात आलं, की ती हसली ती त्यांना सोडवण्यासाठी. त्या मरणाच्या बातमीतही तिला आपल्या नवऱ्याला सोडवावं लागलं होतं.

“उशीर झाला बाबा,” मुलगी दारातच म्हणाली. “आणि काय जादू केलीत? शाळेतून माझ्या मैत्रिणीचा फोन आला होता. म्हणाली, तुझ्या वडिलांचा वर्ग म्हणजे काय, मुलं तालात व्याकरण म्हणतात. पुढचं वर्षभर सोडत नाही म्हणाली.” जावई आतून “अभिनंदन” म्हणाला. सरांनी पाय धुतले, पंच्याने पुसले, बोटांच्या मधूनसुद्धा. मुलगी आनंदात होती. जेवताना तिला सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि “मीठ कमी आहे का गं,” एवढंच विचारलं.

सकाळी फाटकाशी कुणी नव्हतं. सरांनी लांबूनच पाहिलं आणि त्यांची पावलं मंदावली. फाटकाच्या खांबाशेजारी, जिथे तो माणूस टेकायचा, तिथे भिंतीचा गिलावा पाठीएवढ्या भागात घासून गुळगुळीत झाला होता. कपाटाची मूठ होते तशी त्याला चकाकी आली होती. ती जागा रिकामी असताना इतकी दिसत होती की मुलंसुद्धा जाताना तिच्याकडे बघत होती. वर्गात फळा कुणी पुसलेला नव्हता. नाउन फ्रेजच्या खाली कुणीतरी काड्यांचा माणूस आणि काड्यांचं फाटक काढून ठेवलं होतं. सरांनी ते पुसलं. फळा जुना, पुसूनही ‘गर्ल’खालच्या दोन रेघा उरल्याच. त्यांनी ओला कपडा मागवला. सगळा वर्ग गप्प बसून त्यांचं पुसणं बघत राहिला, आणि कालच्या हसण्यापेक्षा हे गप्प बसणं त्यांना जड गेलं. माफीचं वाक्य त्यांनी रात्रीच तयार केलं होतं, खोडून, पुन्हा लिहून, खोडून. ते वर्गाकडे वळले. “काल मी,” ते म्हणाले. दुसऱ्या बाकावरून मुलीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग असता तर ते पुढे बोलू शकले असते. राग नव्हता, विनवणी होती, की आता आणखी एक शब्दही नको. अजून एक शब्द घातला की उरलेली माणसंही कमी होतील, आणि मी पुन्हा एकटी उभी राहीन. “काल मी जे पान सांगितलं,” सर म्हणाले, “त्याच्या पुढचं उघडा.”

मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी त्यांनी तिला गाठलं. “तुझे बाबा आज,” त्यांनी सुरुवात केली.

“येणार नाहीत सर. मी सांगितलं त्यांना.”

“मी काल फार—”

“सर, मला पाणी प्यायचंय,” ती म्हणाली. ते बाजूला झाले. ती ओंजळीने पाणी प्यायली, तोंड बाहीला पुसलं आणि गेली. मैदानात मॉनिटर कुणाला तरी सांगत होता, “मुख्याध्यापिका बाईंना पण आवडलं माझं.” त्याच्याकडे बघून सरांना राग आणायचा होता. आला नाही. पोराने एक दगड उचलून दाखवला होता. तो घेऊन नेम धरून मारला कुणी?

शेवटचा तास त्यांना नव्हता. ते बाहेर पडले आणि घरचा रस्ता सोडून उलट बाजूला वळले, कारण शाळेच्या कोपऱ्यावर, कपडे इस्त्री करणाऱ्याच्या बंद टपरीआड, त्यांना एक खांदा दिसला होता. तो माणूस तिथे उभा होता. हातात कापडी पिशवी, तीतून पाण्याची बाटली डोकावत होती. जवळून तो बराच तरुण दिसला, सरांच्या जावयाच्या वयाचा असेल. मीटर वाचणाऱ्यांची असते तशी बारीक डोळे करून बघायची सवय.

“तुम्ही इंग्रजीचे,” तो म्हणाला.

“हो.”

“काल धडा फार छान झाला. फादर म्हणाली मुलं, गेट म्हणाली. मला तेवढंच येतं. पण सगळा वर्ग एका सुरात.” तो थोडा लाजला. “माझ्यावर आहे का हो तो? नाही म्हणजे, फादर आणि गेट, म्हणून आपलं वाटलं. पुस्तकात आलाय का?”

सरांना हो म्हणता आलं असतं. या माणसाने ते आयुष्यभर सांभाळलं असतं, आणि सरांच्या हाताखालून तर पुस्तकांतून यापेक्षा मोठाल्या खोट्या गोष्टी शुद्धलेखन तपासून पुढे गेल्या होत्या.

“पुस्तकात नाही,” ते म्हणाले. “वर्गातल्या एकाने म्हटलं आणि मी फळ्यावर लिहिलं. मुलांकडून म्हणून घेतलं. थट्टा होती ती. मला कळत होतं, तरी लिहिलं.”

“काय लिहिलं होतं?”

सरांनी सांगितलं. मराठीत ते आणखी उघडंवाघडं वाटलं.

“थट्टा कुठे त्यात?” तो म्हणाला. “उभा असतोच की मी.” मग त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि सरांनी पाहिलं की त्याचा चेहरा हळूहळू, पाणी मुरावं तसा बदलत गेला. “म्हणजे म्हणून ती काल म्हणाली, उद्यापासून येऊ नका. मला वाटलं, मोठी झाली.”

मग तोच म्हणाला, “एक काम कराल? इथून फाटक दिसतं, पण सुटली की नुसती डोकीच दिसतात. ती बाहेर पडली की नाही ते कळायला हवं. आता तिथे मी जायचं नाही. तुम्ही उभे राहा. ती आली की हात वर करा, म्हणजे मला समजेल. मग मी आपला लांबून मागे मागे जाईन. तिला कळणार नाही.”

सर फाटकाशी जाऊन उभे राहिले. गुळगुळीत जागा त्यांच्या दंडापाशी आली. तो माणूस त्यांच्याहून ठेंगणा होता. टेकावं की नाही ते त्यांना कळेना, मग टेकले. भिंत उन्हाने कोमट होती. शाळा सुटायची होती, समोरून जाणारी माणसं त्यांच्याकडे एकदा बघत आणि जात, आणि इतक्या थोड्या वेळातच आपल्या हातांचं काय करावं, बघावं कुठे, हा प्रश्न त्यांना भेडसावू लागला. दिवसभर. ‘ऑल डे’. केवढा हेल काढला होता मुलांनी. घंटा झाली. पोरांचा लोंढा आला आणि त्यांना पाहून फाटकातच अडखळला. “कॉमा उभाय,” कुणीतरी कुजबुजलं, आणि ते ओळखीचं हसू पुन्हा सरकत आलं, या वेळी समोरून. मॉनिटर पुढे झाला. “सर, कुणाची वाट बघताय?” सर त्याच्या डोक्यावरून मागच्या मुलांकडे बघत राहिले. मुख्याध्यापिका बाई पायऱ्यांवर आल्या होत्या आणि कपाळाला हात लावून, ऊन चुकवत, हे काय चाललंय ते बघत होत्या.

ती शेवटी शेवटी बाहेर आली. भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवून आल्यासारखी खाली मान घालून, आणि तरी सवयीने तिची नजर तिकडे गेलीच. ती थांबली. सरांनी हात वर केला.

“सर, हात खाली करा ना,” ती दबक्या आवाजात म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “सगळे बघतायत.”

“त्यांना अजून दिसलं नाही,” सर म्हणाले.

तिने सरांच्या नजरेबरोबर पाहिलं. कोपऱ्यावर टपरीआडून तो माणूस टाचा उंचावून, पिशवी छातीशी धरून, डोळे बारीक करून भलतीकडेच बघत होता. मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी हसत, वळून बघत जात होती. तिने वेणीचं टोक तोंडात धरलं, सोडलं. सरांचा हात खांद्यातून दुखायला लागला होता.

“एका हाताने नाही दिसायचं,” ती खाली बघत म्हणाली. “लांबचं नीट दिसत नाही त्यांना. दोन्ही करा.”

सरांनी खांद्यावरची आपली पिशवी पायाशी ठेवली आणि सगळ्या शाळेसमोर दुसराही हात वर केला.